बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं आणि ग्रुपवरचे पाच लाख

"घरात बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं असेल तर जपा! त्यांच्यावरचं पहिलंच नाणं, शुद्ध चांदीचं. दुकानदाराला घ्यावंच लागतं. रिझर्व्ह बँक पाच लाख देते, कारण ती बँक त्यांनीच स्थापन केली." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तीनदा आलं. पाच लाखांचं नाणं दुकानात कोण मोडेल, हे कुणी विचारलं नाही. मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नाणी चाळणारा माणूस, मला राहवेना.

पहिलं? १९९० मध्ये जन्मशताब्दीचा एक रुपया निघाला होता. ढिगात हात घातला की आजही सापडतो. १२५ चं आलं ६ डिसेंबर २०१५ ला, सोबत दहाचंही.

शुद्ध चांदी? वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी निम्मी. उरलेल्यात ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. पण साडेसतरा ग्रॅम चांदीचेही १२५ पेक्षा कितीतरी जास्त होतात, त्यामुळे ते किराणावाल्याला देणं म्हणजे खुळेपणाच. ते चलनासाठी काढलेलंच नाही. टांकसाळीनं ते संग्राहकांना जादा किमतीला विकलं.

पाच लाख तर सोडाच. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलंय. 'आधी कमिशन भरा' म्हणणारा भामटा समजावा.

आता शेवटचं, कारण यात अर्धं खरं आहे. बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, १९३४ च्या कायद्यानं. शिफारस भारताच्या चलनाची तपासणी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाची. बाबासाहेबांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली होती. रुपयावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्येच छापून झाला होता. म्हणजे संस्थापक नव्हेत, पण या विषयातले जाणकार. आणि आयोगाला त्यांनी पहिली सूचना काय केली? रुपये पाडायला टांकसाळ लोकांना बंद आहे, तशी सरकारलाही बंद करा! सरकार हवे तितके रुपये पाडत राहिलं की रुपया घसरतो, महागाई वाढते आणि मार बसतो तो ठरावीक पगारावर जगणाऱ्याला, हे त्यांचं म्हणणं. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

दहाचं नाणं चलनातलं आहे. दहाच्या नाण्यांचे सगळे नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय. तरी कोपऱ्यावरचा दुकानदार नाक मुरडत असेल, तर मला आणून द्या. दहाची नोट देतो.