शर्यत ससाच जिंकतो

ससा-कासवाची गोष्ट क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्याने, भरायला घेतली की इसापाचा निकाल फिरतो. इथे ससाच जिंकतो. पांढरं आयडा, म्हणजे विणीतच चौकोनी घरं असलेलं कापड, आणि पांढरा ससा. अंग कोरंच सोडायचं आणि दोऱ्याच्या एका पदराने कडेकडेने बॅकस्टिचची सलग रेघ घालायची. मिटलेला डोळा तर जेमतेम तीन टाक्यांचा. कासवाच्या पाठीला मात्र हिरव्याच्या पाच छटा, वर दोन तपकिरी, आणि प्रत्येक रंगाच्या दोन-दोन फुल्या चहूकडे विखुरलेल्या. तेवढ्यासाठी दर वेळी सुई ओवा! हळू चालणाऱ्यांबद्दलचा माझा आदर या पाठीवरच आटला.

त्याआधी नमनाला घडाभर तेल आहेच. 14 काउंट म्हणजे इंचाला 14 घरं. 140 बाय 98 फुल्यांचं चित्र 10 बाय 7 इंचांचं होतं. चहूबाजूंनी तीन-तीन इंच सोडले की कापड लागतं 16 बाय 13. ठाण्यात जांभळी नाक्याला जाऊन नुसतं 'मॅटी द्या', म्हणजे घरांचं भरतकामाचं कापड द्या, म्हणू नये. टेप लावून घरं तिथेच मोजावीत, आडवी आणि उभी. आडवी 14 अन् उभी 16 निघाली, तर कासव रिक्षाखाली आल्यासारखं चपटं होतं.

सुई 24 नंबरची, बोथट. दोरा सहा पदरी, त्यातले दोनच वापरायचे. गाठ मारायची नाही, ती पुढून पुटकुळीसारखी दिसते. त्यापेक्षा 36 इंचांचा एकच पदर मधोमध दुमडून दोन्ही टोकं ओवा. पहिला अर्धा टाका घालून सुई मागे आली की तिथल्या फासातून काढा, दोरा आपसूक अडकतो. प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेडात पाठीला खवले उठल्यासारखं दिसतं.

दर 10 घरांवर वेगळ्या रंगाचा धावदोरा घालून चौकटी आखा. कंटाळा केलात की एक घर चुकणार. ते तेव्हा कळत नाही. 200 फुल्यांनंतर मान पाठीला जुळेना की कळतं. मग उसवा, पहिले पाढे पंचावन्न! ठाणे-वाशी लोकलमध्ये तर मोजणीचं काम काढूच नये. ऐरोलीला गर्दी आत घुसते, आपण 'सत्तावीस, अठ्ठावीस'वर असतो आणि समोरच्या काकू विचारतात, "अगं, कोबी भरतेयस का?" गाडीत गवत न्यावं, किंवा आभाळ. सलग भरायचं, डोकं नको.

पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका. आपल्या दमट हवेत गंजाचा डाग पडतो, आणि तो हटकून सशाच्या कोऱ्या पोटावर. कापड ताणून धरणारी रिंगही रोज काढा, तिचा वळ बसतो.

शेवटी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं. शर्यतीच्या झेंड्याचा लाल रंग सुटला तर कापड वाळू न देता गार पाण्यात खळबळत राहायचं. पिळायचं नाही. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. सुलट्या बाजूने दाबून फिरवलीत, तर दोन महिन्यांची पाठ सपाट.