तीन दिरहमांचा कांदा आणि सेमिनारचं गणित

दोन दिवसांच्या एक्सपोर्ट सेमिनारची जाहिरात म्हणून एक निरोप गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. त्यातले आकडे बदलतात, मजकूर साधारण तोच राहतो. इथे कांदा 15 रुपये किलो, दुबईच्या दुकानात 3 दिरहम, म्हणजे 70 रुपयांच्या आसपास. 500 रुपयांत लायसन्स निघतं. भारत-यूएई करारामुळे ड्युटी शून्य. माल तीन दिवसांत पोहोचतो. एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, घेतली की पैसे बुडत नाहीत. खरेदीदारांची यादी सेमिनारमध्येच मिळेल. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच एकेक करून तपासावं लागतं.

आधी भाव. 15 रुपये हा मार्केट यार्डातला लिलावाचा भाव आणि 3 दिरहम हा दुकानातल्या फळीवरचा. तुलना करायची तर आपला बंदरापर्यंतचा भाव आणि तिथल्या घाऊक बाजारातला भाव यांची करावी. लिलावातला सगळा कांदा कंटेनरमध्ये जात नाही. 45 किंवा 55 मिलिमीटरच्या वरचा, मान बारीक झालेला, पत्ती सुकलेली, असा निवडून घेतात. गोल्टी (बारीक कांदा), जोड, मोड आलेला, काजळी धरलेला बाजूला पडतो आणि पडेल भावात इथेच विकावा लागतो. निवडीत 100 किलोंतले 80 टिकले, तर 15 रुपयांचा कांदा पावणेएकोणीसचा झाला. बाजूला काढलेल्यातून थोडेफार परत येतात, पण त्याआधीच जाळीची गोणी, हमाली, रीफरचं (माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं) भाडं, टर्मिनलचा खर्च, कस्टम एजंट आणि जहाजभाडं चढायला लागलेलं असतं.

लायसन्सचं खरं आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड, 500 रुपयांत ऑनलाइन निघते, त्यासाठी सेमिनारची गरज नाही. पण ती दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन कायम करावी लागते, नाहीतर बंद पडते. शिवाय कांद्याला अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदवलेला, आणि प्रत्येक खेपेला माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्लांट क्वारंटाइनचं फायटो सर्टिफिकेट लागतं. एडी कोड नोंदवायचा राहिला तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद, अडकतं. हे सहसा कंटेनर भरून झाल्यावर लक्षात येतं.

शून्य ड्युटीचा मुद्दा ऐकायला सर्वांत गोड आणि कांद्यापुरता सर्वांत पोकळ. करार 1 मे 2022 पासून लागू आहे. पण यूएईत ताज्या भाजीपाल्यावर त्याआधीही आयात शुल्क नव्हतं, मग करारामुळे वाचलं काय? फायदा झाला तो जिथे 5 टक्के लागायचे तिथे, जसे तयार कपडे आणि दागिने. तोही करारानुसारचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातलाच असल्याचा दाखला) सोबत असेल तरच.

आता तीन दिवस. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाज तीन ते पाच दिवसांत जातं, ते बरोबर. पण कांदा जहाजाच्या आधीही प्रवास करतो. रिकामा रीफर तपासून घ्यायचा, नाशिकच्या बाजूला पॅकहाऊसवर आणायचा, भरायचा, जनरेटर लावलेल्या ट्रेलरवरून परत बंदरात न्यायचा. फायटोची तपासणी, शिपिंग बिल, कस्टमची परवानगी, भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा व्हीजीएम दाखला हे सगळं कट-ऑफच्या, म्हणजे बंदरात माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत झालं पाहिजे. कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर. पलीकडे उतरवणं आणि सोडवणं धरलं तर पॅकिंगपासून बाजारापर्यंत आठ-दहा दिवस सहज जातात.

त्या दिवसांत डब्यात काय होतं हे जाहिरातीत नसतं. 40 फुटी रीफरमध्ये साधारण 28 टन कांदा बसतो. रीफरचं मशीन थंड माल थंड ठेवतं. एप्रिलच्या दुपारी 35 अंशांना भरलेले 28 टन गार करण्याची त्याची ताकद नसते. बाहेरच्या गोण्या थंड होतात, मधल्या गरम राहतात, आत ओल सुटते. कांदा श्वसन करत असतो, म्हणून हवेची झडप उघडी लागते. ती बंद राहिली किंवा गोण्या कंटेनरमधल्या भरण्याच्या मर्यादेच्या लाल रेघेच्या वर आणि दारापर्यंत ठासल्या की हवा फिरत नाही. खेप ऑगस्टमधली असेल, तर जेबेल अलीला दार उघडताच दमट गरम हवा थंड मालावर येते आणि कांद्याला घाम सुटतो. वरची पत्ती भिजून काळी पडते. कांदा आतून चांगला असला तरी खरेदीदार फोटो काढतो आणि भाव तोडतो. तेव्हा तुमच्या हातात एकच पुरावा असतो, तापमान नोंदणारा लॉगर. एक मशीनच्या बाजूला आणि एक दाराशी असे दोन ठेवावेत.

एलसीवर सेमिनारवाले सर्वाधिक वेळ देतात आणि मुख्य गोष्ट सांगत नाहीत. बँक माल बघत नाही, कागद बघते. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे. समजा एलसीत 20 किलोच्या 1,400 गोण्या लिहिल्या आहेत आणि माल तुकड्यांत पाठवायला मनाई आहे. भरताना 12 गोण्या ओल्या दिसल्या म्हणून काढल्या आणि 1,388 गेल्या. शहाणपणच केलं, पण कागद फेल. प्रमाण टनांत लिहिलं असतं तर एरवी 5 टक्के कमी-जास्त चाललं असतं; नगांत लिहिलं की ती सवलत नाही. म्हणून एलसीचा मसुदा येताच ‘28 मेट्रिक टन’ असं करून घ्यावं. कागद फेल झाले की पैसे देणं खरेदीदाराच्या मर्जीवर जातं, आणि मर्जीची किंमत म्हणजे डिस्काउंट.

दुबईच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो अंतर कमी असल्यामुळेच. जहाज चार दिवसांत पोहोचतं, पण बीएल, म्हणजे माल सोडवायला लागणारा जहाज कंपनीचा मूळ कागद, आपल्या बँकेतून कुरिअरने तिथल्या बँकेत जातं. कागद तपासायला बँकेला कामाचे पाच दिवस मिळतात. तोवर माल जेबेल अलीच्या यार्डात विजेच्या प्लगला, भाडं चालू. मग फोन येतो, बीएल सरेंडर करा, पैसे लगेच पाठवतो. सरेंडर म्हणजे मूळ बीएल इथेच जहाज कंपनीला परत. ज्या एलसीत बीएलचा पूर्ण संच मागितला आहे, ती त्या क्षणी निरुपयोगी होते. माल सुटतो, तुमच्याकडे उरतो फक्त फोन नंबर.

ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा खरेदीदाराच्या दिवाळखोरीला किंवा पैसे न देण्याला उपयोगी पडतो. मात्र मालाच्या दर्जावरून वाद उभा राहिला, तर कोर्टाचा हुकूमनामा आणल्याशिवाय दावा सहसा सुटत नाही. आणि कांद्यात वाद दर्जाचाच असतो. सीआयएफमधला (विमा आणि जहाजभाडं विकणाऱ्याने भरायच्या सौद्यातला) किमान सागरी विमाही आग, बुडणं, टक्कर अशा अपघातांपुरता. उशिरामुळे सडलेला माल तर विम्याच्या सर्वांत व्यापक कलमातही बसत नाही.

सरकारी निर्णयांचा उल्लेख या निरोपांत कधीच नसतो. कांद्यावर 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. 8 डिसेंबरपासून बंदी आली, ती मे 2024 च्या सुरुवातीला उठली. मधल्या काळात यूएईला 14,400 टनांची परवानगी निघाली, पण ती राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत. तुमच्या-आमच्या आयईसीला त्यात जागा नव्हती. बंदी उठल्यावरही किमान मूल्याची 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं. अट सप्टेंबर 2024 मध्ये गेली, शुल्क आधी 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला संपलं. त्यामुळे सौद्याच्या कागदात ‘निर्यातबंदी किंवा नवं शुल्क आल्यास’ असं एक कलम हवंच.

राहिली खरेदीदारांची यादी. ती बहुधा आयातीच्या नोंदींतून काढलेली असते आणि दर बॅचला तीच वाटली जाते. त्यामुळे यादीतल्या माणसाला आठवड्याला डझनावारी एकसारखे मेल येतात. अनोळखी नवख्याला तो ॲडव्हान्स देत नाही. दुबईतल्या अल अवीरच्या घाऊक बाजारात विकून देतो, म्हणतो. म्हणजे आडत, भाव विकल्यानंतर. आडतीचा व्यवहार आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. फरक इतकाच की लासलगावात भाव पडला तर ट्रॉली परत नेता येते, जेबेल अलीहून 28 टन परत आणायला निम्मा माल विकावा लागेल. पहिला हंगाम मुरलेल्या निर्यातदाराला प्रतवारी केलेला माल देण्यात घालवावा आणि मोबदल्यात त्याच्याकडून प्रत्येक खेपेची पॅकिंग लिस्ट, लॉगरची नोंद आणि तिकडे किती भाव तुटला त्याचा हिशेब मागून घ्यावा.