शिक्षा माणसाला की वजनाला?

साडेचार औंस. ग्रॅममध्ये साधारण १२७. अँथनी पापाच्या आयुष्यातली बारा वर्षं एवढ्याशा वजनापायी गेली.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तो गाड्यांना रेडिओ बसवून द्यायचा. हातात पैसा नव्हता, घरी बायको आणि लहान मुलगी. बोलिंगच्या टीममधल्या एका ओळखीच्यामार्फत काम चालून आलं: एक पाकीट जवळच्या माउंट व्हर्ननला पोचव, ५०० डॉलर मिळतील. पाकिटात कोकेन होतं. घ्यायला आलेले साध्या वेशातले पोलीस निघाले आणि काम सांगणारा त्यांचाच खबऱ्या. जितक्या जणांना अडकवशील तितकी तुझी शिक्षा कमी, असा त्या खबऱ्याचा सौदा होता. हे १९८५ सालचं. अँथनीचा हा पहिलाच गुन्हा. शिक्षा किमान १५ वर्षं, कमाल जन्मठेप.

व्यसनाने मोडलेलं घर मी जवळून पाहिलंय. ड्रग्ज विकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आजही दयामाया नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं मी कडक कायद्यांच्याच बाजूने बोलत आले. या माणसाची गोष्ट नीट वाचली आणि तिथेच अडखळले.

त्याला शिक्षा झाली तो ड्रग्जविरोधी कायदा न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी १९७३ मध्ये आणला होता, आणि तो मुख्यतः सापडलेल्या ड्रग्जचं वजन बघायचा. आरोपी टोळीचा म्होरक्या आहे की एकदाच पाकीट पोचवणारा, आधी कधी गुन्हा केलाय का, घरी कोण अवलंबून आहे, यातलं काहीही लक्षात घेऊन त्या किमान शिक्षेखाली जायची मुभा न्यायाधीशाला नव्हती. खुनाच्या गुन्ह्यातही तिथे किमान शिक्षा १५ वर्षं असू शकत होती! शिवाय वरच्या माणसाकडे सौद्यासाठी द्यायला नावं असतात. पाकीट पोचवणाऱ्याकडे कुणाचं नाव असणार? म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही, तोच सगळ्यात जास्त भरडला जातो. या कायद्याखाली तुरुंगात गेलेले बहुतांश लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, आणि हे मला योगायोग वाटत नाही.

सिंग सिंग तुरुंगात अँथनी चित्रं काढायला शिकला. १९८८ मधल्या एका रात्री कोठडीतल्या आरशात त्याने स्वतःचा चेहरा पाहिला. उमेदीची सगळी वर्षं सहा बाय नऊ फुटांच्या पिंजऱ्यात काढणार असलेला माणूस त्याला तिथे दिसला. त्याने कॅनव्हास पुढ्यात घेतला आणि तो चेहरा रंगवला. पुढे ते चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कलासंग्रहालयात लागलं, वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं आणि १९९६ च्या अखेरीस गव्हर्नर पटाकींनी त्याची शिक्षा कमी केली. १९९७ मध्ये तो बाहेर आला.

त्याने तिथून पुढे जे केलं, त्यासाठी मला ही पोस्ट लिहावीशी वाटली. सुटलो, आता गप्प घरी बसू, असं त्याने म्हटलं असतं तर कोण त्याला दोष देणार होतं? पण आत राहिलेल्यांना तो विसरला नाही. रँडी क्रेडिको या कार्यकर्त्याबरोबर त्याने कैद्यांच्या आयांना एकत्र आणलं. १९९८ पासून या बायका आपापल्या मुलांचे फोटो छातीशी धरून रॉकफेलर सेंटरसमोर उभ्या राहू लागल्या. ज्याच्या नावाचा कायदा, त्याच घराण्याच्या नावाच्या इमारतीपुढे! अर्जेंटिनात बेपत्ता मुलांसाठी चौकात उभ्या राहिलेल्या आयांकडून त्यांनी ही रीत घेतली होती.

कायदा हलायला वेळ लागला. २००४ मध्ये शिक्षा कमी झाल्या, पण जुन्या कैद्यांपैकी फक्त सर्वात मोठ्या कलमाखाली असलेल्यांनाच शिक्षा फेरविचारासाठी नेता आली. त्याहून लहान गुन्ह्यातली पुष्कळ मुलं तशीच आत राहिली. त्यांच्या आयांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. २००९ मध्ये बऱ्याच गुन्ह्यांतली सक्तीची किमान शिक्षा निघाली आणि आरोपीला उपचारासाठी पाठवायचा अधिकार न्यायाधीशांच्या हाती आला. त्यावर सही करणारे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांना २००२ मध्ये याच कायद्याविरुद्धच्या निदर्शनात अटक झाली होती.

शिक्षा कमी झाली, तरी अँथनीवरचा गुन्हेगाराचा शिक्का काही पुसला नव्हता. दुसऱ्यांसाठी लढत होता, तेव्हाही कागदोपत्री तो गुन्हेगारच होता. पूर्ण माफी त्याला मिळाली २०१६ च्या डिसेंबरात, पाकीट पोचवल्याला एकतीस वर्षं उलटून गेल्यावर.