‘मोठे लेखक हे सांगणार नाहीत’ म्हणे

रविवारी सकाळी साडेसहाला दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘नवोदित कादंबरीकारांसाठी ११ सोन्याच्या टिपा! मोठे लेखक हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ खाली दादाची पुस्ती : ‘आपल्या पोरीला उपयोगी पडेल.’ हाच मेसेज मी त्याआधी तीन ग्रुपांवर पाहिला होता आणि तिन्ही वेळा सोडून दिला होता. पण माझ्या भाचीची पहिली कादंबरी दिवाळीनंतर येतेय. दुपारी तिने मला एक्सेलची फाइल पाठवली. नाव ‘रिव्ह्यू टीम’. ५० ओळी. पहिल्या ओळीत आमची आई, जिला मोबाइलवर फक्त व्हिडिओ कॉल उचलता येतो. सतराव्या ओळीत मी, आणि माझ्या नावापुढच्या रकान्यात ‘५ स्टार, २ तारखेला’. पुस्तक मी वाचलेलं नाही. ते अजून छापूनही झालेलं नाही.

तेव्हा आता गप्प बसता येत नाही. माझ्या दोन कादंबऱ्या आहेत, दोन्ही मिळून तीन आवृत्त्या. म्हणजे मी मोठी लेखिका नाही. मला सांगायला हरकत नसावी.

सगळ्यात आधी ती पन्नासची भानगड. टीप ३ म्हणते : ‘पहिल्या महिन्यात ५० रिव्ह्यू पूर्ण करा. ५० झाले की ॲमेझॉनचं अल्गोरिदम तुमचं पुस्तक आपोआप लाखो लोकांसमोर ठेवतं. नातेवाईक, शाळेचा ग्रुप, सोसायटी, कुणालाही सोडू नका.’

हा आकडा आणला कुठून? ॲमेझॉनने असा कुठलाही उंबरठा जाहीर केलेला नाही. इंग्रजीत आपलं पुस्तक आपणच काढणाऱ्यांमध्ये हा पन्नास वर्षानुवर्षं फिरतोय, तिथून तो मराठीत आला आणि येताना ‘आपोआप’ हा शब्द घेऊन आला. जे खरोखर लिहून ठेवलंय ते नेमकं उलटं आहे. लेखकाच्या घरात राहणाऱ्यांनी आणि त्याच्या जवळच्या मित्रांनी त्याच्या पुस्तकावर रिव्ह्यू लिहायचा नाही, हा ॲमेझॉनचाच नियम आहे. पैसे देऊन लिहून घ्यायचा नाही. प्रत फुकट देता येते, पण त्या बदल्यात रिव्ह्यू लिहिण्याची अट घालता येत नाही. वर दिसणारे स्टार ही साधी सरासरी नसते, हेही तेच सांगतात. रिव्ह्यू किती ताजा आहे, लिहिणाऱ्याने वस्तू विकत घेतली होती का, हे त्यात धरलं जातं. म्हणजे आमच्या आईचे पाच स्टार तिथे कितीसे जड भरणार! भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलंय. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याचा धाक फारसा नाही. पण विकत घेतलेले किंवा माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, एवढं त्यात स्पष्ट आहे.

नियम राहू देत बाजूला. भाचीला मी वेगळंच विचारलं. तू स्वतः पुस्तक घेताना ‘अप्रतिम!’, ‘खूप छान ताई’, ‘आम्हाला तुझा अभिमान आहे’ अशी रांग पाहिलीस तर काय समजतेस? ती म्हणाली, ‘घरचं कार्य.’ मग? वाचक तुझ्याहून खुळा आहे का? माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, तरी एका चुलतभावाने प्रेमापोटी लिहून टाकलं : ‘लेखिका माझी बहीण आहे. पुस्तक अजून वाचायचे आहे. ५ स्टार.’ त्याखाली कुणीतरी अनोळखी बाईने चार ओळींचा खरा अभिप्राय लिहिला होता, नायिकेच्या सासूबद्दल, फार नेमका. माझ्या ओळखीच्या एका वाचनवेड्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं की वरचा वाचून तिला खालचाही घरचाच वाटला. एका भावाने एका खऱ्या वाचकाची साक्ष खोटी पाडली. इथे तर पन्नास भाऊ एक्सेलमध्ये बसलेत.

आता टीप ५. ही मला मूर्खपणाची नाही, घातक वाटते : ‘प्रत्येक वाईट रिव्ह्यूला २४ तासांत उत्तर द्या. १ स्टार देणाऱ्यावर बदनामीची नोटीस पाठवता येते. वकिलाचं एक पत्र गेलं की रिव्ह्यू गायब!’ भाचीच्या यादीत बेचाळिसाव्या ओळीत तिचा मामा आहे, तो वकील आहे, आणि त्याच्यापुढे रकान्यात ‘गरज पडल्यास’ असं लिहिलंय.

मामालाच विचारायचं होतंस. भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ बदनामीचं. १८६० सालचा कायदा. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि बदनामी कलम ३५६ मध्ये गेली, पण अपवाद तसेच राहिले. त्यातला सहावा अपवाद प्रत्येक लेखकाने एकदा वाचावा. जी कृती कर्त्याने आपण होऊन लोकांच्या निवाड्यापुढे ठेवली, तिच्या गुणदोषांबद्दल सद्भावनेने दिलेलं मत म्हणजे बदनामी नव्हे. खाली कायदा स्वतःच उदाहरणं देतो आणि पहिलंच उदाहरण पुस्तकाचं आहे : जो पुस्तक प्रसिद्ध करतो, तो ते लोकांच्या निवाड्यापुढे ठेवतो. चौथ्या उदाहरणात एक माणूस म्हणतो की झेड नावाच्या लेखकाचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, झेड दुबळ्या मनाचा असला पाहिजे. पुस्तक असभ्य आहे, झेडचं मन मळकं असलं पाहिजे. एवढं बोलूनही, सद्भावनेने बोलला असेल तर, तो अपवादात बसतो. कारण झेडबद्दल तो जे बोलला ते पुस्तकात जेवढं दिसलं तेवढ्यापुरतंच. लगेच पुढचं उदाहरण : झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आणि असभ्य निघालं यात मला नवल वाटत नाही, कारण झेड आहेच दुबळा आणि बदफैली. हा मात्र अपवादाबाहेर. इथे पुस्तकावरून माणूस ओळखला नाही, माणसावरून पुस्तक ठरवलं.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेल्या या दोन उदाहरणांत समीक्षेचा अख्खा शिष्टाचार आहे, असं मला वाटतं. मी ती एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवली आहेत. एका गृहस्थांनी माझ्या दुसऱ्या कादंबरीबद्दल ‘लेखिकेला पुरुषांची भाषा ऐकूनही माहीत नाही’ असं लिहिलं, तेव्हा रात्री अकराला मी उत्तर टाइप केलं होतं. तीन परिच्छेद, दोन अवतरणं, एक टोमणा. पाठवण्याआधी समोर नजर गेली. गृहस्थ दुबळ्या मनाच्या झेडवर थांबले होते, बदफैली झेडपर्यंत गेले नव्हते. उत्तर पुसलं. लग्नाच्या पंगतीत मागून कुणी भाजीला नावं ठेवली म्हणून आचारी पळी घेऊन बाहेर येत नाही. रिव्ह्यू हे एका वाचकाने दुसऱ्या वाचकाशी केलेलं बोलणं आहे. आपण तिथे हजरच नसायचं.

खरी शिवीगाळ, धमकी, जातीवरून किंवा बाईपणावरून घाण लिहिणं ही गोष्ट वेगळी. त्याची तक्रार जरूर करावी. पण त्याला रिव्ह्यू म्हणत नाहीत.

टीप ६ : ‘३ स्टार म्हणजे अपयश, लगेच जास्त ५ स्टार मिळवून झाका.’ माझ्या पहिल्या कादंबरीवरचा सगळ्यात उपयोगी अभिप्राय तीन स्टारांचा होता. ‘शेवटची साठ पानं लेखिकेला कुठेतरी जायचं होतं असं वाटतं.’ तेवढंच वाक्य. मी आठवडाभर चिडले. मग हस्तलिखित काढून बघितलं. शेवटची साठ पानं मी प्रकाशकाच्या तारखेसाठी एकवीस दिवसांत लिहिली होती. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं, ते वाक्य लिहिणाऱ्या बाईला कळलं. पाच स्टारवाल्यांनी मला आजवर काहीच शिकवलेलं नाही. बरं वाटतं, हे कबूल. सकाळी चहाआधी मीही बघते, हेही कबूल. आणि एक स्टार बहुतेक वेळा कुरिअरला असतो : ‘कोपरा दुमडलेला आला.’ त्याचं दुःख प्रकाशकाने करावं.

पैशाच्या दोन टिपा आहेत, त्या झटपट उरकते. ‘४,००० रुपयांत आयएसबीएन घ्या, म्हणजे कॉपीराइट झाला.’ आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, फुकट. कॉपीराइटशी त्याचा संबंध नाही; कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तुमच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. हा ४,०००चा आकडा भाचीला एका ‘पॅकेज’वाल्याच्या दरपत्रकातही दिसला होता, तेव्हा फॉरवर्ड कुठल्या पिठाच्या गिरणीतून निघाला असेल याचा अंदाज करा.

दुसरी : ‘दोन कादंबऱ्यांनंतर रॉयल्टीवर आरामात जगता येतं.’ हिशेब मांडू. पुस्तक ३०० रुपयांचं, १,००० प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी १० टक्के. सगळी आवृत्ती संपली तर ३०,००० रुपये. संपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. जुन्या करपद्धतीत आयकर कायद्याने लेखकाला रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट दिली होती, कलम ८०क्यूक्यूबी. त्या मर्यादेला हात लावायला याच पुस्तकाच्या १०,००० प्रती एका वर्षात खपाव्या लागतील. माझे सीए दरवर्षी त्या रकान्यापाशी येऊन हसतात. नोकरी सोडू नकोस, एवढंच.

टीप ८ ‘प्रकाशक काही करत नाही, लेखकानेच पुस्तक विकायचं असतं’ म्हणते. ही अर्धी खरी आहे, आणि मान्य करताना माझ्या जिवावर येतंय. पहिल्या कादंबरीच्या वेळी मला वाटलं होतं की छापून आलं की आपलं काम संपलं. आठ महिने काहीच हललं नाही. मग मी स्वतः पिशवीत प्रती घालून दोन महाविद्यालयांत आणि पाच-सहा ग्रंथालयांत गेले, तेव्हा कुठे लोकांना पुस्तक आहे हे कळलं. लाज वाटली, पण फरक पडला. तेव्हा हिंडावं लागतं, हे फॉरवर्डवाल्याचं बरोबर. फक्त पुस्तक घेऊन हिंडायचं असतं, स्टार मागत नव्हे.

टिपा ७, १० आणि ११ सेल्फी, हॅशटॅग आणि ‘लेखक’ लिहिलेल्या टी-शर्टबद्दल आहेत.

आता टीप ९ : ‘वाचकांची पत्रं येण्याचे दिवस संपले, आता फक्त ऑनलाइन रिव्ह्यू मोजा.’ हे लिहिणाऱ्याने महाराष्ट्र पाहिलेला नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून जास्त सार्वजनिक वाचनालयं इथे आहेत. कित्येकांच्या छपराला गळती आहे, अनुदान रखडतं, तरी एक प्रत तिथे वीस-पंचवीस घरांत फिरते. या वाचकांचे स्टार कुठेच उमटत नाहीत. पण आपल्याकडे पुस्तकात लेखकाचा पत्ता आणि फोन छापायची जुनी सवय आहे, आणि तो फोन वाजतो.

दुसऱ्या कादंबरीनंतर असाच सकाळी सातला वाजला. मंगळवेढ्याचे गृहस्थ, आवाजावरून सत्तरीपुढचे. नमस्कार नाही, ओळख नाही.

‘बाई, श्रावणात शाळू कुठनं काढला ओ तुम्ही?’

मला आधी कळेचना. मग आठवलं. एकशे बाराव्या पानावर नायकाचा बाप श्रावणी सोमवारी उपाशीपोटी शाळूची काढणी करतो. उपास, विळा, ताटं, घाम, मला ते दृश्य फार आवडलं होतं. संपादकालाही. परीक्षण लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांनी तर त्यातलं वाक्य उद्धृत केलं होतं. शाळू हे रब्बीचं पीक, भाद्रपद-आश्विनाच्या ओलीवर पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी चूक कबूल केली. ते म्हणाले, ‘बाकी म्हातारा चांगला उतरलाय. आमच्या थोरल्या भावागत हाय.’ आणि फोन ठेवला.

दुसऱ्या आवृत्तीत काढणी महाशिवरात्रीला नेली. उपास तसाच राहिला, त्यामुळे बाकीचं पान हलवावं लागलं नाही. त्यांना एक प्रत पाठवली, पोच आली नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आत्या, तू कादंबरी वाचून मला आधी सांगशील का, शेवटची साठ पानं?’ काल तिने प्रुफं पाठवली, आणि सोबत तीच एक्सेल फाइल. नाव बदललंय : ‘प्रकाशन समारंभ’. पाच स्टारचा रकाना काढून तिथे ‘वडे किती’ असं घातलंय. आईच्या नावापुढे अर्धा. मामापुढे अजूनही ‘गरज पडल्यास’ आहे, ते बहुधा पुसायचं राहिलं.