एसीचा बिघाड आणि घराचा विमा : एक खुलासा

‘घराचा विमा असेल तर एसी बंद पडल्यावर दुरुस्तीचा पूर्ण खर्च कंपनीच देते’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत भिंतीवर बसवलेली विद्युत उपकरणेही घरसामानात मोडतात, हे खरे. मात्र संरक्षण मिळते ते आग, वीज पडणे, पूर, वादळ, भूकंप अशा ठरावीक आपत्तींपासून. जुना झाल्यामुळे एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला, तर भरपाई नाही.

शॉर्ट सर्किटबाबतचा गोंधळ अधिक आहे. व्होल्टेज वाढून एसीचा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) जळाला, तर ते नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेले असते. पण त्याच ठिणगीने पडदे, कपाट आणि शेजारचा टीव्ही जळाला, तर या वस्तूंची भरपाई मागता येते, कारण ही वगळणूक फक्त बिघाड झालेल्या यंत्रापुरतीच आहे. ‘शॉर्ट सर्किट म्हणजे काहीच मिळणार नाही’ असे समजून दावा सोडून देणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावे.

दुकाने व लहान उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीचे तत्त्वही हेच आहे. शीतगृहाच्या किंवा मोठ्या वातानुकूलन यंत्रणेच्या अंतर्गत बिघाडासाठी मशिनरी ब्रेकडाऊन विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि यंत्रणा बंद पडून माल नासल्यास त्याची भरपाई त्यातही आपोआप येत नाही, त्यासाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते.