गिअरबॉक्स उतरवायला लावणारी गोळी

गाडीचा भाग जितका लहान, तितका तो खोल गाडलेला असतो, हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण मी तो मानतो. क्लचचा फोर्क (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा तरफेसारखा दांडा) ज्याच्यावर डुलतो ती टेकूची गोळी हे त्याचं उत्तम उदाहरण. खाली दांडी, मधे खांदा, वर गोल डोकं, एवढाच तिचा थाट. काही गाड्यांत ती प्लास्टिकची असते. ती मोडली की हातात येते चिमूटभर वस्तू, पण त्याआधी बॅटरीची अर्थ तार, ड्राइव्ह शाफ्ट, गिअर ऑइल आणि अख्खा गिअरबॉक्स बाहेर येतो. म्हणून तिच्या जागी लेथवर धातूची गोळी वळवून कशी बसवायची, ते सांगतो.

प्लास्टिक का वापरलं, म्हणून कारखानदाराला शिव्या घालण्याची प्रथा आहे. ती मलाही प्रिय आहे. तरी प्लास्टिकची बाजू मांडायला हवी: ते आवाज करत नाही, ग्रीस संपलं तरी काही काळ निभावून नेतं आणि स्वस्त पडतं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन ६६ वितळतं सुमारे २६० अंश सेल्सिअसला, त्यामुळे कागदावर ते फुशारकीने पास होतं. पण वितळण्याच्या कितीतरी आधी, साठ-सत्तर अंशांच्या पुढेच, त्याचा ताठा ओसरायला लागतो. आणि बेलहाऊसिंगच्या, म्हणजे क्लचला झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाकडच्या कवचाच्या, आत क्लच घासून जी उष्णता तयार होते, तिला साठ-सत्तर म्हणजे काहीच नाही. वरून जो चालक सिग्नलला क्लच दाबूनच उभा राहतो, तो या गोळीवर सतत वजन ठेवतो. गरम प्लास्टिक आणि सततचा दाब. गोळी हळूहळू चपटी होते, मग तिला तडा जातो.

लक्षणं क्रमाने येतात. आधी पेडल दाबताना चुंई आवाज. मग क्लच पकडण्याची जागा खाली सरकते. मग एक दिवस पहिला गिअर पडत नाही, आणि बाजूला बसलेला प्रत्येक जण केबल तुटल्याचं निदान करतो.

आता धातूची गोळी. विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘ईएन २४ पोलादाची बनवा, कडक करून घ्या, आयुष्यभर बघायला नको.’ या आयुष्यभरवाल्यांसाठी थोडं गणित. फोर्कचा टेकू मधे असेल, केबलची बाजू बेअरिंगच्या बाजूच्या दुप्पट लांब असेल आणि रिलीज बेअरिंगवर (फोर्क ज्याला ढकलून क्लच सोडवतो त्यावर) १५०० न्यूटन जोर लागत असेल, तर केबल ७५० न्यूटनने ओढते आणि गोळीवर दोन्हींची बेरीज येते: २२५० न्यूटन, म्हणजे सुमारे २३० किलोचा भार. गोळीचा व्यास १२ मिमी धरला, तर तिचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. म्हणजे दर चौरस मिमीला २० न्यूटन. गरम नायलॉनला हे जड जातं. साधं पितळ याच्या कितीतरी पट सोसतं. कडक पोलाद इथे घालायचं म्हणजे कुलूप तिजोरीचं आणि दार पत्र्याचं. आणि ते पत्र्याचं दार म्हणजे खुद्द फोर्क. त्याची वाटी दाबून घडवलेल्या पत्र्याची असते. खरबरीत, कोरडी, कडक गोळी क्लचच्या धुळीच्या मदतीने त्या वाटीतून थेट आरपार जाऊ शकते. मग गोळी खरोखरच आयुष्यभर टिकते, फोर्क मात्र नवा आणावा लागतो. पोलादी गोळ्या घेऊन वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, हे खरं. पण त्यांची गोळी आरशासारखी गुळगुळीत असते आणि ग्रीसमध्ये असते. आपल्या लेथवर तो गुळगुळीतपणा येणार नसेल, तर पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ घ्यावं आणि झीज गोळीच्या वाट्याला जाऊ द्यावी.

पितळेच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. बेलहाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि तापलं की ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १० मिमीच्या दांडीवर तापमान ८० अंशांनी चढलं, तर पोलादाची पकड सुमारे ९ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) सैल होते. पितळेची फक्त ३ मायक्रॉनने. घट्ट बसवण्यासाठी आपण ठेवलेली जादा जाडीच मुळात १५-२० मायक्रॉन असते, तेव्हा हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

मापं घेताना मोठा मोह होतो तो जुनी गोळी मोजण्याचा. जुनी गोळी हा गुन्ह्याचा पुरावा आहे, नमुना नव्हे. ती चपटी झालेली असते, म्हणूनच तर आपण इथे आहोत. नवा प्लास्टिकचा भाग विकत आणून तो मोजायचा. दांडीचा व्यास मात्र बेलहाऊसिंगच्या भोकावरून ठरवायचा, कारण भोकही झिजलेलं असू शकतं. सगळ्यांत पवित्र माप एकच: खांद्यापासून गोळीच्या माथ्यापर्यंतची उंची. वर गणितात घेतलेल्या फोर्कमध्येच ती १ मिमी जास्त झाली, तर बेअरिंग जागेवर असताना केबलचं टोक ३ मिमी सरकतं. केबलचा खेळ संपतो, बेअरिंग सतत घासत राहतं, क्लच घसरतो. म्हणून उंची ०.१ मिमीच्या आत हवी. गोळीच्या व्यासात थोडं चुकलं तर मी डोळेझाक करीन, उंचीत नाही.

लेथवर आधी दांडी आणि खांदा एकाच पकडीत करून घ्यायचा. खांद्याला फाटा देऊ नये. खांदा नसेल तर सगळा भार दांडीच्या टोकावर येतो आणि ती भोकात आणखी खोल शिरत जाते. १६ मिमीच्या पितळी सळईला हायस्पीड टूलने मिनिटाला १२०० फेरे चालतात. टूलचा माथा सपाट ठेवायचा. पोलादासाठी उतार दिलेलं टूल पितळेत स्वतःहून आत घुसतं आणि जॉब (वळवायचा तुकडा) घेऊनच बाहेर येतं. मग माथ्याकडे १ मिमी जादा सोडून पार्टिंग (सळईपासून कापून वेगळं करणं), जॉब उलटा करून दांडी कॉलेटमध्ये (गोल दांडी चहूबाजूंनी पकडणाऱ्या चिमट्यात), आणि आता गोळी.

गोळी वळवायचं खास साधन असेल तर पुढचा त्रास वाचतो. गोलाई घासलेलं फॉर्म टूल वापरायचं असेल, तर ते एकदम रुंद पट्ट्यात कापतं आणि जॉब थरथरून कोकलायला लागतो. फेरे ३००-४०० वर आणायचे, टूल जितकं आखूड पकडता येईल तितकं पकडायचं. दोन्ही नसेल, तर पायऱ्या पाडायच्या. ६ मिमी त्रिज्येच्या गोळीसाठी माथ्यापासून अर्धा मिमीवर व्यास ४.८०, १ मिमीवर ६.६३, २ मिमीवर ८.९४, ३ मिमीवर १०.३९ आणि ६ मिमीवर पूर्ण १२. मग पायऱ्यांवर शाई फासून बारीक कानस, शाई जेमतेम पुसली जाईपर्यंत. पुढे ४००, ८०० आणि १२०० चा पॉलिश पेपर. माथ्यावर मधोमध जो इवलासा टोचा उरतो तो ठेवायचा नाही. सगळा भार तिथेच येतो. फोर्क धरून ठेवणाऱ्या तारेच्या क्लिपसाठी मानेची खाचही पाडायची. ती विसरणाऱ्यांना ती गिअरबॉक्स चढवल्यावर आठवते.

दांडीवर एका बाजूने कानशीने बारीक सपाटी काढावी. भोक पलीकडे बंद असेल तर आतली हवा आणि ग्रीस कोंडून दाब चढतो आणि अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. एका प्लास्टिकच्या गोळीपायी अख्खं बेलहाऊसिंग गमावणं फारच उदारपणाचं होईल. बसवताना बेलहाऊसिंग १०० अंशांपर्यंत तापवायचं, गोळी फ्रीजरमध्ये, आणि दाब खांद्यावर येईल अशी नळी वापरायची. पॉलिश केलेल्या माथ्यावर हातोडा मारणाऱ्याने आधीचे सगळे पॉलिश पेपर फुकट घालवलेले असतात.

ग्रीस मॉलिब्डेनमचं, मुगाच्या दाण्याएवढं. जास्त घातलं तर ते उडून क्लच प्लेटवर जातं. आतली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या गाडीच्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. गिअरबॉक्स खाली आहेच, तर रिलीज बेअरिंग, त्याची मार्गदर्शक नळी आणि दोन्ही ऑइल सील बघून घ्या. चढवताना गिअरबॉक्स क्षणभरही इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर) लोंबकळू देऊ नका, क्लच प्लेटचं मधलं बूड वाकतं.

आणि गाडी चालू करण्याआधी केबल पूर्ण सैल करून नव्याने लावा. जुनी गोळी झिजत असताना कोणीतरी नट आवळत गेलेलं असतं, किंवा स्वयंचलित समायोजकाने ते काम गुपचूप केलेलं असतं. नवी गोळी पूर्ण उंचीची आहे, केबल मात्र अजून जुन्या, बुटक्या गोळीच्या हिशोबाने ताणलेली. तशीच गाडी काढली तर चढावर क्लच घसरेल, आणि मग आयुष्यभरवाले म्हणतील, ‘तरी सांगत होतो, पोलादाची करा.’