कपाच्या बुडावर वस्तरा लागत नाही

आमच्या लातूरकडं सध्या मोबाईलवर एक मजकूर फिरतोय. आजोबांचा वस्तरा काढा, चहाच्या कपाच्या बुडावर दहा वेळा घासा, कमरेच्या पट्ट्यावर ओढा, नखावर धार बघा. धार येईना तर जोर लावा, नाहीतर चाकवाल्याकडं द्या. एकच वस्तरा सगळ्या घराला पुरतो. आजोबांचा वस्तरा काढा, एवढंच यातलं बरोबर आहे. बाकीचं ऐकून चांगली वस्तू वाया जाते आणि गाल कापतो, म्हणून लिहितोय.

कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी लागते, हे खरं. पण सुरीचा कोन आपण हातानं धरतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकते. कोन त्याच्या घडणीतच असतो, साधारण १६-१७ अंश. कपाच्या अरुंद कडेवर पाठ टेकवली की धार अधांतरी. म्हणून सपाट दगडच हवा. घरातला पाटाही नको, तो टाकी लावलेला खडबडीत काळा दगड.

दहा वेळा घासून काय होणार? आधी १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) धारेच्या दोन्ही बाजू टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या कडेपर्यंत, मिळवाव्या लागतात. खरा वेळ इथंच जातो. मला पहिल्या वस्तऱ्याला दोन संध्याकाळ लागल्या. धारेच्या कडेला मार्करची शाई लावायची आणि वस्तरा दगडावरून एकदा, धार पुढं ठेवून, फिरवायचा. जिथं शाई उरते तिथं दगड पोचलेला नसतो. माझ्या वस्तऱ्याच्या टाचेला गव्हाच्या दाण्याएवढा काळा डाग कितीतरी वेळ हलत नव्हता. तो जाईपर्यंत ५००० आणि ८००० चे दगड मी बाहेरच काढले नाहीत. ते दगड धार गुळगुळीत करतात, मुळात नसलेली धार घडवत नाहीत. दगडावर टाकायला पाणी वाटीभर पुरतं. टँकरवर जगणाऱ्या गावातही हे शिकता येतं.

जोर लावा, हा सल्ला तर घातकच. वस्तऱ्याचं पातं कडेला कागदासारखं पातळ असतं, दाबलं की वाकतं. शेवटचे हात त्याच्या स्वतःच्या वजनावरच फिरवायचे.

चाकवाल्याचं मी भोगलंय. चुलत्यांचा वस्तरा मी एका फिरत्या धारवाल्याकडं दिला. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेला निळी झाक आली. पोलाद निळं पडलं म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास तापलं, त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तेवढा भाग झिजवून काढल्याशिवाय आता त्यावर धार टिकत नाही.

कमरेचा पट्टा शिवणीचा, भेगाळलेला. त्यावर धार बिघडते. चमोट्याचं, म्हणजे न्हाव्याच्या वस्तरा ओढायच्या पट्ट्याचं, कातडं गुळगुळीत आणि ताणलेलं हवं. दगडावर धार पुढं असते, चमोट्यावर पाठ पुढं. उलटवताना वस्तरा पाठीवरच फिरवायचा. धारेवर फिरवला की चमोटाही कापतो आणि धारही जाते. पारावर हजामत करणारे मामा चमोटा झाल्यावर तळहातावरही दोन-चार हात फिरवत. आपण त्या नादी लागू नये.

तयार धार नखावर ओढली की मोडते. दंडावरचा केस कातडीपासून वर, हलक्या हातानं तुटतोय का ते बघा.

एक वस्तरा सगळ्या घराला कधीच नाही. हिपॅटायटिस बी या रक्तातूनही पसरणाऱ्या काविळीचा विषाणू अंगाबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहतो, आणि दाढीत रक्ताचा थेंब न दिसताही येतो. भावाला शिकायचं असेल तर त्याला वेगळा वस्तरा घेऊन द्या.